राखाडीचा खोटा पत्ता

सह्याद्रीच्या उंच कड्यांवर, वारा आणि धुकं खाऊन राहणारं एक दगडफूल आहे. खाली उतरणं त्याला मानवत नाही. तरीही साधारण दोन वर्षं, जगभरातले अभ्यासक बघतात त्या संगणकावरच्या नकाशात, त्याचा एक ठळक ठिपका वाशीच्या एपीएमसी मार्केटवर होता. बरोबर मसाला बाजारावर. तो ठिपका तिथं कुणी ठेवला असं विचाराल, तर गुन्हेगार हात वर करून तुमच्यासमोर उभा आहे.

मी म्हात्रे. वाशीतल्या एका कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. त्याला हर्बेरियम म्हणतात. तिथं मी एकतीस वर्षं नोकरी केली. मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. आमची खाडीकाठची शेती नव्या शहरात गेली, प्रकल्पग्रस्ताचा दाखला हातात आला आणि त्या दाखल्यावर मला जी पहिली खुर्ची मिळाली ती या कपाटांसमोर होती. आमच्या काकांनी काम काय ते नीट विचारून घेतलं आणि म्हणाले, "आरं, दगडावरची बुरशी कोन चोरनार हाय? राखन कशाला पायजे?"

मलाही तोच प्रश्न पडला होता.

काकांचं अर्धं बरोबर होतं, हे मला पुढे कळलं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. शेवाळ रांधतं, बुरशी घर सांभाळते. तुमच्या गोड्या मसाल्यात पडतं, चुरगळलेल्या कागदासारखं दिसतं, ते यातलंच एक. पण असे हजारो प्रकार आहेत, आणि कड्यावर राहणारे काही तर दगडाला इतके चिकटून असतात की छिन्नी-हातोडीनं खालच्या दगडासकट कपची काढावी लागते. ती कपची कागदाच्या घडीच्या पाकिटात जाते आणि पाकिटावर लेबल लागतं. काय सापडलं, कुठं, किती उंचीवर, कधी, कुणाला. लेबल गेलं की हातात उरतो नुसता दगड. आणि दगडच हवे असतील तर नवी मुंबईत डोंगर फोडून ते भरपूर काढलेले आहेत.

ही अक्कल मला पहिल्या आठवड्यात नव्हती. "कपाट साफ करा," असं सांगण्यात आलं होतं. मी कपाट साफ केलं. आतले दगडही मळलेले दिसले, म्हणून त्यातला एक धुण्याची पावडर लावून ब्रशनं घासला. चांगला काळा कुळकुळीत निघाला. दुसरा घेणार, एवढ्यात चित्रे मॅडम आल्या.

"म्हात्रे, हे काय?"

"मॅडम, दगडावर डाग होते. काढले."

मॅडमनी तो दगड हातात घेतला, खिडकीशी नेला, परत आणला. "छान निघालाय," त्या म्हणाल्या. "हा डाग माझ्या आईच्या लग्नाआधीपासून त्या कड्यावर बसला असेल. तुम्ही दहा मिनिटांत उठवलात."

त्यांनी तक्रार केली नाही. धुतलेला दगड माझ्या टेबलावर कागद दाबायला ठेवला, एवढंच.

चित्रे मॅडम आमच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. प्रत्येक मोठ्या सुट्टीत खांद्याच्या पिशवीत हातोडी, छिन्नी आणि थालीपीठं घेऊन एस.टी.नं डोंगरात जायच्या. सोबत असेल तर सोबत, नाहीतर एकट्या. त्यांच्या आवडीचं जे दगडफूल होतं त्याचं लॅटिन नाव लिहिलं तर या अंकाचा एक रकाना जाईल. आम्ही त्याला राखाडी म्हणायचो. चुलीतल्या राखेचा रंग आणि कडेला काळी बारीक किनार. वर्षभरात नखाच्या जाडीएवढं वाढलं तरी खूप झालं. वेगवेगळ्या कड्यांवरून मॅडमनी राखाडीचे एकोणीस नमुने आणले होते.

सगळ्यांची नोंद त्यांच्या हातच्या वहीत होती. अक्षर मोत्यासारखं, पण शाई जपून वापरायची सवय. एका ठिकाणी दहा नमुने मिळाले की पहिल्यापुढे पूर्ण पत्ता आणि खाली नऊ वेळा 'वरीलप्रमाणे'. वहीत त्याचा काही त्रास नव्हता. नजर वर न्यायची, पत्ता सापडायचा.

त्याच वहीत जगदाळे शेठही होते. हे मसाला बाजारातले व्यापारी. एकदा ते पिशवीत दगडफूल घेऊन थेट आमच्या टेबलाशी आले. "साहेब, ह्यात भेसळ हाय का बघा. पार्टीला माल रिटर्न मारायचाय." मॅडमनी भिंगाखाली बघून त्यात तीन वेगवेगळी दगडफुलं आणि बरीचशी झाडाची साल निघाल्याचं सांगितलं. शेठ खूश झाले, मला विनाकारण 'डॉक्टर' म्हणू लागले. मॅडमनी त्यातला एक तुकडा संग्रहात ठेवला आणि वहीत लिहिलं, 'एपीएमसी मार्केट, वाशी. व्यापाऱ्याकडून.'

मॅडम निवृत्त झाल्या. पुढे कधीतरी सगळ्या नोंदी संगणकात भरायचा आदेश निघाला. बाकी कुणी तयार नव्हतं, मी होतो. दोन बोटांनी टाइप करत मी अख्खी वही संगणकात उतरवली. जसंच्या तसं. जिथं 'वरीलप्रमाणे' तिथं 'वरीलप्रमाणे'. इथपर्यंत मी निर्दोष आहे, याची नोंद घ्यावी.

मग मला एक बटण सापडलं. ते दाबलं की सगळ्या ओळी नावांच्या क्रमानं लागतात. दाबलं. इतकी सुंदर यादी मी आयुष्यात पाहिली नव्हती. पण या नोंदी ज्या जगाच्या नकाशावर जाणार होत्या, त्या नकाशावाल्यांना 'वरीलप्रमाणे' चालत नव्हतं, त्यांना प्रत्येक ओळीत पत्ता हवा होता. त्यालाही बटण होतं. वर जे आहे ते खाली भर. दाबलं.

आता वाचकांच्या लक्षात आलंच असेल. क्रम बदलल्यावर प्रत्येक 'वरीलप्रमाणे'च्या डोक्यावर दुसरंच कुणीतरी येऊन बसलं होतं. राखाडीचे 'वरीलप्रमाणे' सगळे एका जागी गोळा झाले आणि त्यांच्या बरोबर वर, नावाच्या क्रमानं, जगदाळे शेठचा मसाला. ज्या तीन राखाडींपुढे मॅडमनी पूर्ण पत्ता लिहिला होता, त्या या सगळ्यांच्या खाली गेल्या होत्या; त्यांचे पत्तेही 'एकसारखे नाहीत' म्हणून मी उत्साहानं सुधारले. एकोणीसच्या एकोणीस राखाडी एपीएमसी मार्केटात दाखल.

एवढ्यावर थांबलो असतो तर वहीनं वाचवलं असतं. पण त्याच महिन्यात तपासणीची समिती येणार होती. मॅडमची जुनी पाकिटं कॅलेंडरच्या पानांची, लग्नपत्रिकांची, अगदी गबाळी दिसायची. मी नवी पांढरी पाकिटं केली, नव्या क्रमानं नवे नंबर घातले, छापील लेबलं लावली. जुनी पाकिटं आणि पानं सुटलेली ती वही रद्दीत दिली. बांधायला सुतळी मी घरून आणली होती.

यादीतला घोटाळा माझ्या नजरेला आलाच नव्हता, असं म्हणायची सोय आहे. पण आला होता. एकोणीसदा एपीएमसी बघून मी क्षणभर थांबलो आणि मनात म्हटलं, मॅडमना बाजारात स्वस्त मिळालं असेल. मग चहाला गेलो. धुतलेल्या दगडाचं मला हसू येतं. त्या चहाचं येत नाही.

माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते तेव्हा प्राजक्ता आली. तिशीच्या आतली मुलगी, राखाडीवर पीएच.डी. करणारी. बुटांवर कांद्याची सालं, केसात मिरचीचा वास.

"काका, मी सकाळपासून मसाला मार्केटमध्ये भिंती बघत फिरतेय. एका हमालानं तर विचारलं, ताई, काय हरवलंय का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, दगडफूल शोधतेय. तो म्हणाला, मग भिंतीत कशाला बघता, पोत्यात बघा की!" ती हसली आणि बसली. "काका, ही नोंद चूक आहे ना?"

मी सांगून टाकलं. बटणं, पाकिटं, वही, सुतळी, चहा, सगळं. तिनं स्वतःच्या वहीत काही लिहिलं नाही. नुसतं ऐकलं.

तिचं काम असं होतं. हवा तापत चालली आहे, म्हणून राखाडी खालचे कडे सोडून वर सरकतेय का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी पूर्वी ती कुठं होती हे माहीत हवं, आणि एवढे जुने नमुने फक्त चित्रे मॅडमचे होते.

"मार्चअखेर मला प्रबंध द्यायचाय," ती म्हणाली. "तोपर्यंत खरी ठिकाणं नाही कळली, तर हे एकोणीस सोडून द्यावे लागतील. आणि काका, त्या नकाशावाल्यांनी मॅडमच्या सगळ्याच नोंदींपुढे 'शंकास्पद' असं लिहिलंय."

चूक माझी, आणि शंका मॅडमवर. त्या शब्दानं मला जे झालं ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी कामोठ्याला गेलो.

मॅडम तिथं दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. नजर बरीच गेली होती. माणूस आवाजावरून ओळखायच्या. मी दारातच सुरुवात केली, म्हटलं आत गेल्यावर धीर सुटायचा. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी राखाडी तुम्ही मसाल्याच्या बाजारात नेऊन बसवलीत."

"हो."

"एकोणीसही?"

"हो मॅडम."

"आणि वही?"

"रद्दी."

भिंतीला धरून त्या आत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "दगड तरी आहेत का? की घासलेत?"

"आहेत मॅडम. हात लावलेला नाही."

"मग रिक्षा बोलवा."

त्या दिवशी मॅडमनी हर्बेरियमच्या टेबलावर एकेक कपची घेतली आणि राखाडीला धक्का न लावता दगडाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. "हा बारीक भोकांचा. हरिश्चंद्रगड, टाक्याच्या वरचा कडा. हा गुळगुळीत, रतनगड. ह्याला गारगोटीचे दाणे आहेत, हा नाणेघाटाच्या पठाराची कड." प्राजक्ता लिहून घेत होती. तासाभरात तीन ढीग झाले. मला वाटलं, सुटलो.

प्राजक्ता चाचरत म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. पण बोटांची आठवण पुरावा म्हणून कुणी घेणार नाही."

"राग कसला? माझ्या विद्यार्थ्यानं असं लिहून आणलं असतं तर मीही फाडलं असतं." मॅडमनी एक कपची हातात घोळवली. "मी ही जिथून काढली तिथं कड्यात खाच असणार. दगडाला काही होत नाही एवढ्या वर्षांत. कपची त्या खाचेत बसते का बघा. बसली, तर त्याहून मोठा पुरावा कोणता?"

"प्रत्येक ढिगातली एक जरी बसली तरी चालेल," प्राजक्ता म्हणाली. "मग मॅडमचे ढीग मानता येतील. एक ढीग जरी लटकला तर तिन्हींवर प्रश्न येईल."

"कड्यावर कोण जाणार?" मॅडमनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"तुमचे गुडघे?"

"आहेत अजून दोन."

मूळ नमुने कपाटाबाहेर न्यायचे नसतात, एवढा नियम तरी मला पाळायचा होता. म्हणून नकला करायच्या ठरल्या. आमच्या इमारतीखाली एक दाताचे डॉक्टर आहेत. दाताचा साचा घेतात त्या गुलाबी लगद्यात त्यांनी कॉलेजात येऊन एकोणीस दगडांच्या पाठींचे ठसे घेतले आणि प्लास्टरच्या नकला करून दिल्या. "म्हात्रे, हे पेशंट शांत आहेत," ते म्हणाले. "तुम्ही मागच्या वेळी माझ्या बोटाला चावला होतात."

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर गेलो. प्राजक्ता पुढे हरणासारखी, मी मागे पिशवीत प्लास्टरचे दगड खुळखुळवत. टाक्याच्या वरच्या कड्यावर राखाडी जागोजाग होती. कपाटात एकतीस वर्षं जिला मी पाकिटात बघितलं, ती इथं जिवंत होती. "मॅडम बरोबर बोलत होत्या, डाग नाही हा," एवढंच म्हणालो. दुपारी राखाडीच्या एका चकतीला कडेला चावा घेतल्यासारखी खाच दिसली. चौथी नक्कल लावली. बसली. मी हात काढून घेतला तरी पडली नाही. प्राजक्तानं फोटो काढायचा सोडून आधी माझ्या पाठीत धपाटा घातला.

जानेवारीत रतनगड जुळला. तिथं माझा डावा गुडघा कायमचा नाराज झाला, पण जुळला.

नाणेघाट जुळेना. फेब्रुवारीत दोनदा गेलो. पठाराची कड टोकापासून टोकापर्यंत बघितली. राखाडीच दिसत नव्हती, मग खाच कुठून दिसणार? दुसऱ्या खेपेला परत येताना जीपमध्ये प्राजक्ता खिडकीबाहेर बघत बोलली, "काका, मॅडमचं कदाचित चुकलं असेल. त्या ढिगातले सात दगड दुसरीकडचे असतील."

"मॅडमचं चुकलेलं नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"चुकणारा माणूस मी आहे. मला चूक लांबून ओळखू येते."

ती हसली नाही. "मार्चअखेरीला पाचच आठवडे उरलेत काका. मला लिहायला पण वेळ पाहिजे. मी सोडून देते आता."

घरी बायकोनं गुडघ्याला लेप लावता लावता विचारलं, "तुमी त्या पोरीला नुसतं 'माझी चूक झाली' असं लिहून द्या ना. सही करा, विषय संपवा. किती टेन्शन घ्याल?" लिहून दिलंच होतं मी. पण माझ्या सहीनं राखाडीचा पत्ता कुठून मिळणार होता? माझी चूक कबूल झाली असती आणि मॅडमच्या नावापुढे 'शंकास्पद' तसंच राहिलं असतं.

पुढच्या रविवारी मी एकटाच निघालो. प्राजक्ताला फक्त निरोप ठेवला. ती कल्याणला माझ्या आधी बसस्टँडवर उभी. "एकटे पडलात तर प्रबंधात तुमचीच नोंद करावी लागेल," म्हणाली.

पठाराच्या कडेला पोचलो. ती सवयीनं राखाडी शोधत पुढे गेली. मी गुडघ्यामुळे एका उघड्या, स्वच्छ कातळाला टेकून उभा राहिलो. स्वच्छ म्हणजे अगदी स्वच्छ. डाग नाही, किनार नाही. आणि मग माझ्या डोक्यात आलं, की आम्ही दोघंही दोन खेपा मूर्खासारखे राखाडी शोधत होतो. शोधायची होती खाच. राखाडी असेल तिथंच खाच असेल, असं कुणी सांगितलं होतं?

मी त्या उघड्या कातळावरून हात फिरवायला लागलो. वीत वीत करत. प्राजक्ता परत आली, मी काय करतोय ते बघितलं आणि काही न विचारता दुसऱ्या टोकानं सुरू झाली. ऊन चांगलं तापलं तेव्हा कमरेच्या उंचीवर माझ्या बोटांना दोन कडा लागल्या. सरळ, छिन्नीच्या. मी पिशवी उघडली. पहिली नक्कल बसली नाही. दुसरी नाही. पाचवी बसली.

गारगोटीचा एक दाणा अर्धा प्लास्टरवर उमटला होता, त्याचा उरलेला अर्धा कड्यात होता. दोन्ही मिळून पूर्ण दाणा झाला.

प्राजक्ता फोटो काढत राहिली. समोरून, बाजूनं, पट्टी ठेवून. मग मोबाइल खाली घेतला. "काका, मॅडमनी ही कपची काढली तेव्हा इथं राखाडी होती."

"होती."

"आता ह्या अख्ख्या कडेवर एक नाही. ह्याचा एकच पुरावा आहे, तो तुमच्या कपाटात."

रेंज मिळायला जरा वर चढावं लागलं. मॅडमनी पहिल्याच रिंगला फोन घेतला.

"बसली मॅडम. नाणेघाट बसला. तिन्ही ढीग तुमचे बरोबर."

"सातही तिथलेच ना?"

"हो. प्राजक्ता म्हणतेय, आता 'शंकास्पद' काढायलाच लावणार ती."

"बरं."  मग त्यांनी विचारलं, "कशी आहे तिथली? मोठी झाली असेल आता."

खोटी नोंद करणं मला काही नवीन नाही. ह्या लेखात तुम्ही पुरेसं पाहिलंत. तोंडाशी आलंही होतं की आहे मॅडम, भरपूर आहे, किनार ठसठशीत. त्यांना दिसणार थोडंच होतं.

"नाहीये मॅडम," मी म्हटलं. "कातळ उघडा आहे. आम्ही तीन खेपा बघितलं. एकही नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"म्हात्रे."

"हो मॅडम."

"कागद आहे जवळ?"

"आहे."

"मग लिहा. जागा पूर्ण लिहा, उंची तिला विचारून घ्या. नमुना, नाही. आढळ, नाही. आजची तारीख. आणि खाली निरीक्षक म्हणून तुमचं नाव घाला."

एकतीस वर्षांत मी हजारो लेबलं चिकटवली होती. माझं नाव एकावरही नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. मी दगडावर कागद टेकवला आणि लिहायला लागलो. नावापाशी आलो तेव्हा प्राजक्तानं वाऱ्यानं उडू नये म्हणून कागदाचं दुसरं टोक धरलं.